पानावरचा डोळा

सह्याद्रीच्या माथ्यावर, कोल्हापूरपासून सुमारे पंचावन्न किलोमीटर पश्चिमेला, गगनबावडा हे गाव वसलेले आहे. गावावर गगनगडाचा पहारा आहे आणि गावापासून करूळ व भुईबावडा हे दोन घाट नागमोडी वळणे घेत खाली कोकणात उतरतात. अरबी समुद्रावरून निघालेले ढग कोकणची सखल पट्टी ओलांडून या कड्यांपाशी येतात, कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि आपले सारे ओझे येथेच रिते करतात. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो. गगनबावड्यात तो ५००० मिलिमीटरांहून अधिक पडतो. एका तासाच्या प्रवासात पाऊस पाचपट व्हावा, ही किमया सह्याद्रीचीच!

आषाढात येथे कित्येक दिवस सूर्याचे दर्शन होत नाही. ओले कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळवावे लागतात. काड्यापेटीतील काडी ओढली तरी पेटत नाही. कोपऱ्यात ठेवलेल्या चामड्याच्या वहाणांवर चार दिवसांत पांढरा मऊ थर चढतो. हा थर म्हणजे बुरशी. वहाणेवरची बुरशी फडक्याने पुसून टाकता येते. तिच्यामुळे कोणाची उपासमार होत नाही. परंतु याच बुरशीची एक भावकी शेतात राहते, आणि ती मात्र घरादाराच्या तोंडचा घास काढून घेते. तिने आणलेल्या रोगाला शेतकरी ‘करपा’ म्हणतात.

गगनबावड्याच्या परिसरात सखल जागी भाताची खाचरे आहेत आणि डोंगरउताराला नाचणी होते. जेथे नदीचे पाणी पोहोचले तेथे ऊसही दिसतो. परंतु घरातील कणगी भरते ती भाताने आणि नाचणीने. करपा या दोन्ही पिकांवर पडतो. प्रथम पानावर टाचणीच्या डोक्याएवढा एक तपकिरी ठिपका दिसतो. तो दोन्ही टोकांना निमुळता होत वाढतो. मध्ये राखी रंग, भोवती तपकिरी किनार, आणि आकार थेट माणसाच्या डोळ्यासारखा. एका पानावर असे चार डोळे उघडले की ते एकमेकांत मिसळतात व सारे पान वाळून जाते. दुरून पाहणाऱ्याला वाटते, खाचरावरून कोणी जळता पलिता फिरवून नेला असावा. रोगाचे नाव त्यावरूनच पडले आहे.

पूर्वी लोकांना या करपण्याचे कारण उमगत नसे. कोणी म्हणे वीज चमकल्याने पीक करपले, कोणी म्हणे दृष्ट लागली, तर कोणी धुक्याला दोष देई. यांपैकी धुक्याला दोष देणारा मनुष्य सत्याच्या पुष्कळ जवळ होता. धुके स्वतः पीक जाळीत नाही. परंतु जो जाळतो त्याला दार उघडून देण्याचे काम धुकेच करते. ते कसे, हे समजण्यासाठी एका रात्रीची हकिकत पाहिली पाहिजे.

श्रावण उलटून भाद्रपद लागला आहे. मुसळधार पाऊस ओसरून रिमझिम उरली आहे. संध्याकाळी कड्यावरून धुके उतरते आणि खाचरे त्यात बुडून जातात. पानापानावर दवाचे थेंब जमतात. अशा वेळी एखाद्या जुन्या डागाच्या राखी भागावर अतिसूक्ष्म देठ उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर बीजाणू धरतात. बीजाणू म्हणजे बुरशीचे बीच म्हणावयाचे. परंतु ते इतके लहान की असे पन्नास बीजाणू एकापुढे एक मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर लांबी भरेल. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिल्यास प्रत्येक बीजाणू पेरूच्या फळासारखा, एका टोकाला निमुळता व तीन कप्प्यांचा दिसतो. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत हे बीजाणू देठावरून सुटतात आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर शेजारच्या रोपांकडे निघतात. एका डागातून एका रात्रीत असे हजारो प्रवासी बाहेर पडतात. त्यांतील बहुतेक चिखलात, बांधावर नाहीतर पाण्यात पडून नाश पावतात. एखादाच ओल्या पानावर उतरतो.

पानावर उतरताच त्याच्या टोकातून डिंकासारखा चिकट पदार्थ स्रवतो व तो पानाला चिकटून बसतो. मग त्यातून एक बारीक नळी फुटते. नळीच्या टोकाला घुमटासारखा एक फुगवटा तयार होतो. या घुमटाच्या भिंतीला आतून काळ्या रंगाचा लेप असतो. त्यातून पाणी आत शिरू शकते, परंतु आतील विरघळलेले पदार्थ बाहेर पडू शकत नाहीत. घुमटाच्या पोटात ग्लिसरीन साठत जाते आणि ते बाहेरचे पाणी आत ओढून घेते. पाणी येत राहते, जागा तेवढीच, त्यामुळे आतील दाब वाढत वाढत जातो. शास्त्रज्ञांनी १९९१ साली हा दाब मोजून प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनाही आश्चर्य वाटले असेल. कारण तो मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या सुमारे चाळीसपट भरला! एवढ्या जोराने घुमटाच्या तळातून एक खिळा बाहेर येतो आणि पानाची कठीण त्वचा भेदून आत घुसतो. डोळ्याला न दिसणारा जीव, पण त्याच्या अंगी सुताराच्या सामत्यासारखे बळ.

या सर्व उद्योगाला पान सलग आठ-दहा तास ओले असावे लागते. मध्येच ऊन पडले, वारा सुटला व पान वाळले, तर घुमट अर्धवट राहतो आणि बीजाणू मरतो. म्हणून करप्याचा खरा हंगाम कोसळणाऱ्या पावसाचा नव्हे. धो धो पाऊस बीजाणूंना धुऊन खाली नेतो. ढगाळ दिवस, रिमझिम, धुके आणि गारव्याच्या रात्री यांचाच धोका अधिक. बाहेरगावचा पाहुणा ज्या हवेला रम्य म्हणतो, त्याच हवेत येथील शेतकरी सकाळी उठून आधी खाचराकडे जातो.

आत शिरलेली बुरशी चार-पाच दिवस काहीच खूण दाखवीत नाही. ती पानातील पेशींतून पेशींत पसरत असते. त्यानंतर तो तपकिरी ठिपका दिसू लागतो, आणि आणखी काही दिवसांनी त्या ठिपक्यातूनही नवे बीजाणू उडू लागतात. म्हणजे डाग दिसला त्या दिवशी रोग आला असे नसून, तो आठवडाभर आधीच घरात येऊन बसलेला असतो. करप्यावर इलाज करण्यापेक्षा त्याला येऊ न देणे सोपे का, याचे उत्तर या आठवड्यात आहे.

पानावरचा करपा दिसतो तरी. त्याहून घातक आहे तो मानेवरचा. भाताची लोंबी बाहेर पडते तेव्हा तिच्या देठावर, म्हणजे मानेवर, बीजाणू बसला तर तो भाग काळा पडून कुजतो. मुळांनी ओढलेले पाणी व पानांनी केलेले अन्न दाण्यांपर्यंत पोहोचतच नाही. लोंबी पांढरी पडते, मान मोडून खाली लोंबते आणि हातात घेऊन चोळली तर नुसता पोचट फोल उरतो. जून महिन्यापासून चिखलात राबलेल्या कुटुंबाला हे आश्विनात, कापणीला थोडेच दिवस राहिले असता पाहावे लागते. नाचणीचेही तसेच. तिच्या कणसाच्या बोटांवर रोग पडला की दाणे बारीक व सुरकुतलेले राहतात. भाकरी आणि आंबील यांची चव तर त्यामुळे जातेच, परंतु हाडांना बळ देणारा कॅल्शियम ज्या धान्यात तांदूळ-गव्हापेक्षा कितीतरी अधिक आहे, ते धान्यच मुलांच्या ताटातून कमी होते.

हा शत्रू एकट्या गगनबावड्याचा नाही. चीनमधील १६३७ सालच्या एका ग्रंथात भाताच्या अशा रोगाचे वर्णन आढळते. जपानी शेतकरी त्याला ‘इमोची’ म्हणतात. इटलीतील भातशेतीतही तो फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि या बुरशीचे शास्त्रीय नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथेच ठरले. दरवर्षी जगात या एका रोगाने जेवढा तांदूळ नष्ट होतो, तेवढ्यात सुमारे सहा कोटी माणसांचे पोट भरले असते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. भातावर पडणाऱ्या दुसऱ्या एका बुरशीची आठवण तर आपल्या देशाला विसरता येणार नाही. १९४२ साली बंगालमध्ये भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला. पुढच्याच वर्षी तेथे भयंकर दुष्काळ पडून वीस लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुष्काळाला महायुद्ध, भडकलेल्या किमती आणि तत्कालीन सरकारची धोरणे ही कारणे होतीच, आणि त्यांचा दोष बुरशीच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तरी आधीच रिकाम्या झालेल्या कोठारांत तिचाही हात होता, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

तेव्हा करप्याला बाहेर ठेवावे कसे? आरंभ बियाण्यापासून करावा लागतो, कारण रोगट दाण्याबरोबर बुरशीही पुढच्या वर्षात प्रवेश करते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी ओततात व ढवळतात. पोचट, हलके व रोगाने पोखरलेले दाणे वर तरंगतात. भरीव दाणे तळाशी बसतात. तरंगणारे काढून टाकावयाचे, आणि तळचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावयाचे. धुण्यात आळस केला तर मीठ राहून उगवण बिघडते. बी वाळल्यावर त्याला कृषी खात्याने सांगितलेले बुरशीनाशक चोळतात. एवढ्याशा कामाला एक सकाळ पुरते. पण ज्या घरी ते होत नाही, तेथे पुढचे सारे उपाय अर्धे लंगडे पडतात.

पुढचे काम तरव्याचे. ज्या वाफ्यात भाताचे किंवा नाचणीचे रोप तयार करतात त्याला या भागात तरवा म्हणतात. तरव्याची जागा उन्हाळ्यात भाजण्याची पद्धत फार जुनी आहे. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि वर माती असे थर रचून पेटवून देतात. त्या आचेने तणांचे बी, किडींची अंडी व मातीतील कित्येक बुरशी जळून जातात आणि राखेचे खत मिळते. पूर्वजांनी अनुभवाने शोधलेली ही युक्ती खोटी नाही. तथापि तिची किंमत मोठी आहे. दरवर्षी त्यासाठी डोंगरावरील झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, आणि मातीतील सेंद्रिय अंशही त्याच आगीत जातो. शिवाय करप्याचे बीजाणू हवेतून येतात. जमीन कितीही भाजली तरी हवेतून येणाऱ्याला ती अडवू शकत नाही.

याच ठिकाणी एका महाराष्ट्रीय शास्त्रज्ञाच्या कामाचा उल्लेख करावयास हवा. डॉ. नारायण सावंत यांनी ‘चारसूत्री भातशेती’ या नावाने भातलागवडीची एक पद्धत शेतकऱ्यांपुढे ठेवली. तिचे पहिले सूत्र असे, की भातापासून जे मिळाले त्यातील काही भाताच्या शेतालाच परत द्यावे. भात कांडल्यावर जे तूस उरते, ते अर्धवट जाळून त्याची काळी राख करावयाची आणि ती तरव्याच्या मातीत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात मिसळावयाची. गिरणीच्या मागे ढीग होऊन पडणारी, कोणी फुकट नेत नाही अशी ही वस्तू!

या राखेत असते तरी काय? नदीतील वाळू ज्या पदार्थाची बनलेली असते, तो सिलिका नावाचा पदार्थ भाताच्या तुसाच्या राखेत भरपूर असतो. भाताच्या पानावरून उलटे बोट फिरवले तर ते कापते, ते या सिलिकेमुळेच. रोप मुळांवाटे सिलिका शोषून घेते व पानाच्या त्वचेखाली तिचा पातळ थर अंथरते. बीजाणूने घुमट उभारला, दाब साठवला, खिळा पुढे केला, तरी समोर जणू काचेचा पत्रा! शिवाय अशी रोपे ताठ उभी राहतात आणि पाने सरळ वर जातात. त्यामुळे वारा खेळतो व दव लवकर वाळते. राख काळीच हवी. ती पांढरी होईपर्यंत जाळली, तर तिच्यातील सिलिका रोपाला सहज घेता येत नाही. काळ्या-पांढऱ्या राखेतला हा बारीक भेद ठाऊक नसल्याने पुष्कळांचे श्रम वाया जातात.

सावंतांचे दुसरे सूत्र गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात घालण्याचे. तिसरे लावणीचे: रोपे कशीही न टोचता, दोरीच्या खुणेने, एकदा पंधरा व एकदा पंचवीस सेंटिमीटर अंतर सोडून लावावयाची. चौथे सूत्र खताचे. चार चुडांच्या मध्यभागी युरिया व डी.ए.पी. यांची एक लहान गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचावयाची. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही आणि रोपाला थोडे थोडे मिळत राहते. ज्या गावात पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे वरून फेकलेल्या युरियाचे काय होत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

युरियाचा विषय निघाला म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. नत्राने पीक हिरवेगार होते, हे खरे. पीक जोमाने वाढताना पाहून शेतकऱ्याला आनंद होतो व तो आणखी एक पाटी युरिया फेकतो. परंतु अती नत्राने पाने लुसलुशीत, रुंद व मऊ होतात. त्यांचा रंग काळपट हिरवा होतो, ती एकमेकांवर पडून दाटी करतात आणि खाली हवा कोंडते. करप्याला याहून चांगले ताट कोणी वाढावे? गावातील सर्वांत हिरवे खाचर आधी करपते, असा अनुभव वारंवार येतो, आणि त्याला दृष्टीचे नाव दिले जाते! प्रत्यक्षात ती दृष्ट घरच्याच पाटीतून आलेली असते. पाण्याचा ताणही वाईट. खाचरात पाणी उभे असले तर करपा कमी पडतो. उताराच्या जागी पाऊस दडी मारतो तेव्हा तो बळावतो.

रोगाला दाद न देणाऱ्या जाती निवडणे हा आणखी एक उपाय. नाचणीवर संशोधन करणारे केंद्र कोल्हापुरातच आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून ‘फुले नाचणी’ ही जात निघाली. अशा जाती तयार करण्यास दहा-बारा वर्षे लागतात, आणि तरीही कोणतीही जात कायमची निर्धास्त नसते. बुरशीही बदलत राहते. एखाद्या जातीचे कुलूप उघडणारी किल्ली तिला कधी तरी सापडते. मग शास्त्रज्ञांना नवे कुलूप घडवावे लागते. फवारण्याची औषधेही आहेत, परंतु ती रोगाची पहिली खूण दिसताच, शेतकी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने व सांगितल्या मापानेच वापरावयाची असतात.

ओल आणि बुरशी यांचे हे नाते भातापुरतेच मर्यादित नाही. घाट उतरून कोकणात गेले, की पोफळीच्या बागा लागतात. तेथे पावसाळ्यात कोळेरोग येतो व कोवळ्या सुपाऱ्या कुजून गळतात. त्यावर मोरचूद व कळीचा चुना यांचे बोर्डो मिश्रण पावसाच्या आधीच घोसांवर फवारतात. या मिश्रणाचा शोध मोठा गमतीचा आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराच्या आसपास रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मालक मोरचूद व चुना शिंपडून ठेवीत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आले आणि १८८५ साली त्याने हा उपाय जगापुढे मांडला. मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहण्यासाठी त्यात स्वच्छ विळ्याचे पाते क्षणभर बुडवतात. पात्यावर तांबूस थर बसला तर मोरचूद जास्त झाला आहे. आणखी चुना घालावा लागतो.

जपानात तर कुंडीत वाढवलेल्या वीतभर उंचीच्या देवदारवर्गीय वृक्षांनाही अशीच राखण करावी लागते. हे वामनवृक्ष पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेले असतात. शरद ऋतू संपताना माळी त्यांच्या जुन्या सुईसारख्या पानांचे झुबके बोटांनी विरळ करतो, म्हणजे आत ऊन व वारा शिरतो. मातीऐवजी कुंडीत खडेदार भर घालतो, म्हणजे पाणी साचत नाही. हिवाळ्यात चुना व गंधक यांचे पातळ द्रावण फवारतो. भाताच्या चुडांमधील अंतर आणि त्या सुयांमधील अंतर यांचे प्रयोजन एकच आहे. फरक एवढाच, की तेथे एका झाडाची शोभा राखावयाची असते व येथे घरातील माणसांचे वर्षाचे अन्न.

कार्तिकात गगनबावड्याचे आकाश निरभ्र होते. कापणी होऊन खळ्यावर भाताची मळणी चालते व पेंढ्याच्या गंजी उभ्या राहतात. त्या वेळीही करप्याची आठवण ठेवावी लागते, कारण तो वाळलेल्या पेंढ्यात व बियात दडून उन्हाळा काढू शकतो. ज्या खाचरात मान मोडलेल्या लोंब्या दिसल्या होत्या, त्याचा पेंढा जाणते शेतकरी वेगळा बांधतात व पावसापूर्वी जनावरांना घालून संपवतात. बांधावरचे गवत कापून टाकतात. आणि पुढल्या वर्षीच्या बियाण्यासाठी लोंब्या निवडताना त्या खाचराकडे वळतच नाहीत.